वायसर हिवाळ्यात कुठे झोपते

१२ नोव्हेंबर

चिमणे,

तू नीट पोचलीस हे कळलं आणि जीव भांड्यात पडला. फोन केलास ते चांगलंच, पण मला त्यातलं "बाबा" आणि "ठेवते" एवढंच ऐकू आलं. मधे तू जे काय सांगितलंस ते या कानात शिरलंच नाही. तेव्हा आपण पत्रंच लिहू. पत्र पुन्हा वाचता येतं आणि शेजाऱ्यांना ऐकू जात नाही.

मी बरा आहे. गुडघे आहेत तसेच आहेत. काळजी माझी नाही, तुझ्या मांजरीची आहे.

थंडी पडल्यापासून वायसर नुसती झोपते. सकाळी बशी चाटूनपुसून साफ करते, आणि मला वाटतं आता अंग मोडून बाहेर जाईल, तर ही परत झोपायला. खिडकीतलं ऊन जसं सरकतं तशी ही सरकते. आधी पलंगाच्या पायथ्याशी, मग उशीवर, मग खुर्चीत. ऊन गेलं की माझ्या पांघरुणाखाली शिरते. शेपटी नाकावर ओढून घेते, ती इतकी की तोंड कुठलं आणि पाठ कुठली ते कळत नाही. श्वास चालू आहे का बघायला मी नाकाशी बोट धरतो. काल चावली.

संध्याकाळी मात्र अंगात वारं शिरल्यासारखी पळत सुटते. कपाटावर, तिथून टेबलावर, तिथून माझ्या चष्म्यावर. मग परत झोप. खाणं वाढलंय, खेळणं घटलंय. तू असताना अशी होती का? मला आठवत नाही, कारण तू असताना मी तिच्याकडे बघतच नव्हतो.

वरच्या मजल्यावरच्या शिंपी मास्तरांना विचारलं. ते म्हणाले, "नळवाले, माणूस म्हातारपणी रिटायर होतो. मांजर रिटायर होऊनच जन्माला येतं. सोडा की तिला." त्यांना काय जातंय बोलायला. मांजर तू माझ्या हवाली करून गेली आहेस. तिला काही झालं तर मी तुला तोंड कसं दाखवू?

आणखी एक. परवा न्हाव्याकडे तुझा काका भेटला. तू पहिल्यांदा पाना हातात घेतलास तेव्हा "पोरीला नळाचं काम शिकवतोस?" म्हणून हसलेला तोच. मी सगळ्यांसमोर सांगितलं, अख्ख्या इस्पितळाचं गरम पाणी आता माझ्या मुलीच्या हातात आहे. हेड फिटर. न्हाव्याने वस्तरा थांबवून ऐकलं. काका आरशात बघत राहिला.

गळ्याला गुंडाळून घेत जा.

तुझा बाबा


२१ नोव्हेंबर

बाबा,

पत्र वाचून हसले, मग वायसरच्या जागी स्वतःला ठेवून पाहिलं आणि वाटलं, चावली ते बरोबरच केलं. झोपलेल्याच्या नाकाशी बोट धरू नका हो.

ती आजारी नाही. थंडीत मांजरं जास्त झोपतात. दिवस लहान झाला, उजेड कमी झाला की त्यांची हालचालही कमी होते. अंग गरम ठेवायलाच ताकद लागते, म्हणून भूक वाढते. शेपटी नाकावर ओढून घेते ती ऊब राखायला. पांघरुणात शिरते, अंगाला चिकटते, ते तुमच्यावर प्रेम आलंय म्हणून असेलही, पण मुख्य म्हणजे तुम्ही गरम असता. संध्याकाळची धावपळही नेहमीचीच, दिवसभर साठलेलं एकदम बाहेर पडतं.

एवढंच करा. थंडीत मांजरं पाणी कमी पितात, तर तिचं पाणी कोमट ठेवा. वारा लागणार नाही अशा जागी एक खोकं ठेवा, त्यात माझा जुना हिरवा स्वेटर घाला. सकाळी थोडं दोरीने खेळवा, नाहीतर फुगेल. खाते का आणि वाळूच्या ट्रेमध्ये नीट जाते का, याकडे लक्ष ठेवा. ही दोन्ही ठीक असली तर तिला झोपू द्या. यातलं काही बिघडलं तर कोपऱ्यावरच्या जनावरांच्या डॉक्टरबाईंकडे न्या.

इकडे थंडी आपल्यापेक्षा जबरी आहे. काम मात्र मनासारखं चाललंय. मुलांच्या वॉर्डची लाईन माझ्याकडे आहे. हाताखालची माणसं मला "मॅडम" म्हणतात आणि मी सांगितलेलं खरं का ते माझ्यामागे इंजिनिअरसाहेबांना विचारतात. तुम्हाला सगळे "मिस्त्री" म्हणायचे, आठवतं? मला अजून कोणी म्हटलेलं नाही. म्हणतील. जानेवारीत दाबाची चाचणी आहे, तेव्हा बघू.

काकांना नमस्कार सांगा. आरशातून.

तुमची चिमणी


३ डिसेंबर

चिमणे,

खोकं केलं. साधं नाही केलं. आत नमद्याचं अस्तर लावलं, तोच जाड लोकरी नमदा, जो मी गरम पाण्याच्या पायपांना गुंडाळायचो. कोपरे नीट दुमडले. वर तुझा स्वेटर. मास्तर बघून म्हणाले, "यात मीच झोपू का?"

ती झोपली नाही. एकदा हुंगलं, पाऊल आत टाकलं, बाहेर काढलं आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच तिच्या दारात मागायला आलोय.

आता कुठे झोपते ऐक. स्वयंपाकघरात. भांड्यांच्या फळीखाली, भिंतीच्या कोपऱ्यात, उघड्या फरशीवर! पलंगावर ऊन आहे, पांघरूण आहे, नमद्याचं खोकं आहे, आणि ही थंडगार फरशीवर. सकाळी तिथे, दुपारी तिथे. उचलून आणली की परत जाते. मी तिथे पोतं टाकलं तर पोतं पायाने बाजूला सारून फरशीलाच पोट लावून झोपली. ऊब शोधतात असं तूच लिहिलंस ना? मग हे काय? माझे वडील म्हणायचे, जनावर दुखण्यात गार जागा धरतं.

मला राहवलं नाही. टोपलीत घालून डॉक्टरबाईंकडे नेली. तरुण आहेत पण हात हलका आहे. त्यांनी नाव विचारलं.

"वायसर."

"हे कसलं नाव?"

मी म्हटलं, "नळात असतो ना, पाणी गळू नये म्हणून, तो रबराचा गोल वायसर. ही तशीच गोल होऊन झोपते, मधे भोक ठेवून. मुलीने ठेवलंय. ती हेड फिटर आहे."

"मुलगी?"

"मग काय मांजर?"

बाई हसल्या. त्यांनी डोळे, हिरड्या, पोट सगळं तपासलं. म्हणाल्या, "काका, मांजर ठणठणीत आहे. थोडी जाड झालीय. वय झालंय, त्यामुळे गारठ्यात मागचे सांधे जरा आखडतात, उड्या कमी मारेल. झोपते ती थंडीमुळे."

मी फरशीचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मांजर उगीच गार जागेवर झोपत नाही. तिथे काहीतरी असेल."

आता उघड्या फरशीवर काय असणार? मी घरी आलो पण समाधान झालेलं नाही. बाईंनी पोट दाबलं तेव्हा ती ओरडली नाही, हेही मला बरं वाटलं नाही. ती तशी ओरडणारी आहे.

काळजीत असलेला
बाबा


१४ डिसेंबर

चिमणे,

तुझ्या पत्राची वाट न पाहता लिहितो आहे. बसून वाच.

वायसर झोपल्या जागी ओलं करते.

परवा ती उठून बशीकडे गेली तेव्हा फरशीच्या सांध्यात ओल दिसली. पुसली. दुपारी परत. पुसली. काल वर्तमानपत्राचा कागद घातला, तो सकाळी भिजलेला. बिचारीला कळतही नसेल. तू लिहिलं होतंस की ट्रेमध्ये जाते का बघा. ट्रेमध्ये जाते, ते मी बघतो, पण हे त्याशिवाय. मूत्रपिंडाचं असणार. आपल्या जुन्या इमारतीच्या वॉचमनच्या कुत्र्याचं असंच झालं होतं आणि तो तीन आठवड्यांत गेला.

मी हे कुणाला सांगितलेलं नाही. मास्तर काल चहाला आले तर तो कोपरा दिसू नये म्हणून मी स्वयंपाकघराच्या दारातच खुर्ची टाकून बसलो. इतकी स्वच्छ मांजर, चार पावलं टाकली तरी पंजा चाटणारी. तिची म्हणून काही इज्जत आहे. "आज दारात का बसलात?" मास्तर म्हणाले. मी म्हटलं, "हवा घेतोय." दोन स्वेटर घालून.

डॉक्टरबाई गावाला गेल्या आहेत, महिनाअखेरीस येतील. मोठ्या दवाखान्यात मी एकटा तिला घेऊन बसने कसा जाणार? तू ये. एवढं टाकून येता येत नसेल तर नको येऊ. पण मग तिला काही झालं तर? ये. नको, तुझी चाचणी आहे. मला काही सुचत नाही, तूच ठरव. तू म्हणशील तसं.

ती आत्ताही तिथेच झोपली आहे. डोळे मिटून घरघर करते. दुखत असलं तरी मांजरं घरघर करतात म्हणे.

बाबा


१९ डिसेंबर

बाबा,

तुमचं पत्र इंजिनिअरसाहेबांच्या खोलीत उघडलं आणि रजेचा अर्ज लिहायला कागदही मागितला. मग पत्र परत वाचलं आणि कागद परत दिला.

बाबा, तुम्ही ओल पुसलीत, कागद घातलात, कागद उचललात. त्याला वास आला का? तुमच्या पत्रात वासाचा एक शब्द नाही. तुम्ही लिहिल्यावाचून राहिला नसतात. मांजरीचं असतं तर मास्तरांपासून खुर्ची टाकूनही लपलं नसतं, वरच्या मजल्यावर कळलं असतं.

ज्या ओलीला वास नाही ती मांजरीची नाही. ती आपल्या धंद्यातली आहे.

आता हे करा. वायसरला उचला, खोलीबाहेर ठेवा, दार लावा. फरशी तिच्या अंगाने गरम असेल ती निवू द्या. तुमचा चहा करून, पिऊन होईपर्यंत थांबा. मग त्या कोपऱ्यात तळहात टेका, आणि मग दुसऱ्या कोपऱ्यात टेका. बॉयलर पूर्वीपेक्षा जास्त वेळा पेटतोय का तेही बघा.

त्या फळीखालून आपली गरम पाण्याची लाईन वळते. न्हाणीघरातून येते आणि तिथे भिंतीशी कोपराच्या जोडाने वळून ओट्याकडे जाते. तुम्हीच टाकली आहे. मला वाटतं ती झिरपते आहे. डॉक्टरबाई म्हणाल्या तसंच आहे, तिथे काहीतरी आहे. सगळ्या घरात ऊब कुठे आहे ते वायसरला आपल्या दोघांच्याही आधी कळलं.

तिला माझ्याकडून गळ्याखाली खाजवा.

चिमणी


२३ डिसेंबर

चिरंजीव,

हात टेकला. फरशी कोमट आहे. बॉयलर जास्त पेटतो, पण ते मी थंडीवर घालत होतो.

तरी मी मानत नाही. या घराची लाईन मी स्वतः टाकली, स्वतःच्या घरची म्हणून जास्तच जपून. आट्यांवर तागाचा धागा नीट पिळून, त्यावर सफेद्याचा लेप लावून, वर नमदा दोन पदरी. माझं एक म्हणणं असायचं ते तुला पाठ आहे, की खालून गरम पाणी जातंय हे फरशीला कळता कामा नये. मालकाला नळाशी कळावं, मधे कुणालाही नाही. ज्या घरांत मी काम केलं तिथल्या बायका अजून रस्त्यात थांबवून सांगतात, मिस्त्री, तुमचा नळ अजून थेंब सोडत नाही. आणि आता माझ्याच घरात मांजर येऊन मला माझी लाईन दाखवणार?

आणि झिरपतच असेल तर ती माझी बाजू नाही. त्या कोपऱ्यात भिंतीच्या आत माझा दंड जात नव्हता म्हणून तो कोपर तुला बसवायला दिला होता. तू शाळेत होतीस. तेव्हापासून प्रत्येक हिवाळ्यात माझं मन एकदा त्या कोपऱ्यात जाऊन येतं. पोरीचा हात होता, जोर तो किती असणार. झालंच असेल तर तिथेच झालं असेल.

तुला दोष देत नाही. लहान होतीस.

मांजर आजारी नाही हे मात्र बरं झालं. मास्तरांसमोरून खुर्ची काढली.

बाबा


२८ डिसेंबर

बाबा,

चाचणी दहा जानेवारीला आहे.

तुमचं पत्र आल्यापासून मी केलेले जोड परत चाचपते आहे. तपासून झालेले, सही झालेले. माणसं माझ्याकडे बघतात आणि एकमेकांकडे बघतात. त्यांना काय सांगू? मला जोड बसवायची एकच रीत येते आणि ती मी त्या कोपऱ्यात पोटावर झोपून शिकले. तोच जोड तुम्ही इतकी वर्षं मनात धरून होतात हे मला माहीत नव्हतं. इथे वॉर्डच्या भिंतींमागे सगळे त्याच रीतीचे आहेत, आणि भिंती लवकरच बंद होतील.

फरशी उघडा. माझा जोड गळत असेल तर गळतो म्हणून लिहा. माझं मन राखायला काही लिहू नका. मी साहेबांना चाचणी पुढे ढकलायला सांगेन आणि सगळं परत उघडेन. लोक हसतील तर हसोत. पण चाचणीच्या आधी मला कळलं पाहिजे.

चिमणी


३ जानेवारी, तातडीच्या टपालाने

बेटा,

पहिलं वाक्य पहिलं लिहितो. तुझा जोड कोरडा आहे. चाचणी घे.

आता बाकीचं.

तुझं पत्र सकाळी आलं. मी ते वाचलं, चष्मा काढून ठेवला, आणि माळ्यावरून हत्यारांची पेटी उतरवली. मास्तर आवाज ऐकून खाली आले. "नळवाले, या वयात फरशी फोडता?" मी म्हटलं, "मांजर धरा." ती जागा सोडायला तयार नव्हती. मास्तरांनी धरली, तिने त्यांच्या बाहीची शिलाई उसवली. ते ओरडले, "शिंप्याची बाही फाडतेस!" पण सोडलं नाही, मैत्रीला जागले.

फरशी मी छिन्नीने सांध्यासांध्याने सोडवली, एकही तुकडा न पाडता. गुडघ्यांनी दुखण्याचं नाव काढलं नाही. खाली वाळू ओली आणि गरम. नमदा भिजून वरच्या बाजूला चिकटलेला. ऊब तिथून वर यायची. तो कापून काढला.

आत दोनच जोड आहेत, अगदी जवळजवळ. भिंतीच्या आत तुझा कोपर. अलीकडे दोन सरळ पायप जोडणारा माझा सॉकेट. दोन्ही भिजलेले, त्यामुळे नुसतं बघून कळेना. मग आपण करतो तसंच केलं. दोन्ही फडक्याने पुसून, सुकवून, दोन्हींना वर्तमानपत्राचा कोरडा कागद घट्ट गुंडाळला, आणि बॉयलर चालू केला. मी स्टुलावर बसलो. मास्तर बसले. मांजर मास्तरांच्या मांडीवर बसली. तिघांचेही डोळे कागदांवर. 

माझ्या जोडावरचा कागद भिजून काळा पडत गेला. तुझ्या जोडावरचा वाजत होता, इतका कोरडा. मी तो सोडवला तेव्हा त्यावर छापलेली अक्षरंसुद्धा वाचता येत होती. मी परत नवा गुंडाळला. माझा खात्री करायचा स्वभाव तुला माहीत आहे. परत कोरडा. तिसऱ्यांदा गुंडाळायला लागलो तेव्हा मास्तर म्हणाले, "आता कागदच भिजायला नाही म्हणतोय, तुम्ही का हट्ट धरता?"

मग मी आडवा झालो आणि आत हात घालून तुझा कोपर बोटांनी बघितला. माझा दंड अजूनही जात नाही, मनगटापर्यंत हात जातो. आटे सरळ बसलेत. ताग आट्याच्या बाजूनेच गुंडाळलाय, एकसारखा, कुठे गोळा नाही. सफेदा बाहेर आलेला तू बोटाने पुसून घेतला होतास, तो पुसल्याचा माग अजून आहे. मला आठवलं, मी बाहेरून ओरडत होतो, "किती वेळ लावतेस?" आणि तू आतून म्हणत होतीस, "होईल तेव्हा होईल."

मी बाहेर येऊन मास्तरांना सांगितलं, "हा माझ्या मुलीने बसवलाय. शाळेत असताना." ते म्हणाले, "आणि गळतो तो?" मी म्हटलं, "तो मी. मिस्त्रीने." ते म्हणाले, "मग छाती कशाला एवढी फुगवलीत?"

फुगली ती फुगली.

माझा जोड मी काढून नवा बसवतो आहे. तुझ्याला हात लावणार नाही.

दहा तारखेला मान वर ठेवून उभी राहा.

बाबा


१२ जानेवारी

बाबा,

पत्र आठ तारखेला मिळालं. जिन्यावर बसून वाचलं. मग वॉर्डमध्ये गेले आणि एकाही जोडाला हात लावला नाही.

चाचणीला सगळे आले होते. साहेब, त्यांचे साहेब, इस्पितळाच्या मोठ्या नर्सबाई. लाईनमध्ये दाब भरला आणि सगळे घड्याळाकडे बघावं तसे त्या दाबाच्या काट्याकडे बघत उभे राहिले. मला काय सुचलं कोण जाणे, मी खिशातलं वर्तमानपत्र काढलं आणि भिंतीजवळच्या कोपरांना कागद गुंडाळले. तरुण मुलं हसली. एक म्हातारे फिटर आहेत इथे, सुरुवातीपासून माझ्याशी फारसं न बोललेले. ते हसले नाहीत. पुढे आले आणि उरलेल्या जोडांना ते स्वतः कागद गुंडाळायला लागले.

काटा हलला नाही. वेळ संपली तरी हलला नाही. मी कागद सोडवले, सगळे वाजणारे, कोरडे. त्या म्हाताऱ्यांनी शेवटचा कागद हातात चुरगाळून बघितला आणि दारातल्या पोरांना ओरडून सांगितलं, "अरे, भिंती बंद करायला घ्या. मिस्त्री सांगतील त्या क्रमाने."

मी मागे वळून बघितलं, बाबा. मला वाटलं तुम्ही आलात.

नर्सबाईंनी लहान मुलांच्या बेसिनचा नळ उघडला आणि गरम पाण्याखाली हात धरून उभ्या राहिल्या. बंदच करेनात.

आता एक सांगा. फरशी दुरुस्त झाली म्हणजे तो कोपरा परत गार झाला असणार. मग वायसर कुठे झोपते?

चिमणी


२० जानेवारी

मिस्त्री,

तुझं पत्र न्हाव्याकडे घेऊन गेलो. केस वाढले नव्हते. वाचून दाखवलं. तुझा काका होता. ऐकून म्हणाला, "आमच्या घरातच आहे ते, हाताची कला." आता "आमच्या घरात" म्हणतो! मी आरशातून नमस्कार सांगितला.

डॉक्टरबाई परत आल्या. त्यांना जाऊन सांगितलं की तुमचं बरोबर होतं, तिथे काहीतरी होतं. त्या म्हणाल्या, "मांजर सहसा चुकत नाही. काका, तुम्ही तरी आता झोपता का?" झोपतो म्हटलं.

आता वायसर. माझा जोड नवा केला, नमदा परत दोन पदरी गुंडाळला, वाळू सुकवली, फरशी बसवली. काम असं की पाहतच राहावं. फरशीला काही कळेना. वायसर आली, गोल फिरली, पोट टेकलं. उठली. परत टेकलं. मग माझ्याकडे पाठ करून बसली. दिवसभर तशीच. बशीला तोंड लावलं नाही. पांघरुणात आली नाही. मी दोरी हलवली तर दोरीकडे नाही, माझ्याकडे बघितलं. माझ्या कामाला इतक्या वर्षांत कुणी नावं ठेवली नव्हती. तिने ठेवली.

दोन दिवस सोसलं. मग फरशी परत उघडली. मास्तर वरूनच ओरडले, "आता काय गळतंय?" मी म्हटलं, "काही नाही, मुद्दाम करतोय."

त्या कोपऱ्यापुरता वीतभर पायपावरचा नमदा काढून टाकला. उघडा पायप. मी! कुणाला सांगशील तर खरं वाटणार नाही. वर फरशीऐवजी लाकडी झाकण केलं, बिजागऱ्या लावून, उचलता यावं असं. ते उचललं की खाली तुझा कोपर स्वच्छ दिसतो. फक्त त्यासाठीच केलं असं नाही, पण त्यासाठीही केलं.

लाकूड छान तापतं. वायसर तासाभरात आली. हुंगलं. एक पाऊल, दुसरं. शेपटी नाकावर ओढली आणि गोल झाली.

आता घरी कोणीही आलं, पोस्टमन, शेजारी, गॅसवाला, की मी त्यांना स्वयंपाकघरात नेतो आणि सांगतो, या झाकणाखाली माझ्या मुलीने लहानपणी बसवलेला जोड आहे, आजतागायत थेंब नाही. ते म्हणतात, दाखवा की. मी वाकतो. मांजर एक डोळा उघडते, माझ्याकडे बघते, आणि मिटते. हलत नाही. उचलायची माझी हिंमत होत नाही, कोणाचीच होत नाही.

मग मी त्यांना म्हणतो, आज नाही, थंडी संपल्यावर या.

तूही तेव्हाच ये, काम सगळं पुरं करून. घाई करू नकोस. होईल तेव्हा होईल.

बाबा